डावीकडे वळणारी होडी

असल्फा, घाटकोपर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय नंदू,

अनेक आशीर्वाद, माधुरीलाही. आम्ही तिघं बरे आहोत. तुम्ही दोघं बरे असाल असं धरून चालतो, कारण सहा महिने झाले, तू फोन उचलत नाहीस. जान्हवी म्हणाली, "बाबा, काकाने तुमचा नंबर ब्लॉक केलाय, उगाच लावत बसू नका." म्हणून पत्र. रजेच्या अर्जाशिवाय आयुष्यात काही लिहिलं नाही मी, तेव्हा सांभाळून घे.

पावसात पडवीची कौलं सरकली होती ना? प्रेमाला माधुरीकडून कळलं. बायका बोलतात एकमेकींशी, हे तुला माहीत असेलच. कौलं तू स्वतः चढून लावलीस की माणूस लावलास? देवबागला आता वारा सुटला असेल. गणपतीत इथे तुझ्याशिवाय आरती पडेल आवाजातच झाली. वरच्या मजल्यावरच्या छोट्या भाविकाने विचारलं, नंदूकाका कुठे, तर प्रेमाने सांगितलं, गावचं घर बघायला गेलाय.

बरं, लिहायचं कारण वेगळंच आहे. होडीला पातं बसवलं.

तू गेलास तेव्हापासून ती गाळ्यात उलटी पडून होती. पंधरा फुटांची, आपण दोघांनी दीड वर्षं खपून केलेली, आणि वल्हवायला घेतली की डावीकडे वळणारी. मी म्हटलं, जे झालं ते झालं, आता इलाज करायचा. कयाकवाले, म्हणजे आपल्यासारख्या अरुंद होड्या चालवणारे, मागच्या बाजूला तळातून खाली उतरणारं एक पातं लावतात. स्केग म्हणतात त्याला. पातं पाण्यात असलं की मागची बाजू जागेवर राहते आणि नाक भरकटत नाही. नको असेल तेव्हा दोरी ओढायची, ते वर पेटीत जाऊन बसतं, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत मोडत नाही. जान्हवीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. एक परदेशी म्हातारा दोन दिवसांत बसवतो. मला दोन महिने लागले.

तळाच्या मधल्या शिवणीवर पेन्सिलने रेघ मारली, एक फूट लांब, बारा मिलिमीटर रुंद. ड्रिल हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. आपण तांब्याच्या तारेने एकेक टाका घालून शिवलेली ती शिवण. प्रेमा चहा घेऊन आली, म्हणाली, "कापवत नसेल तर राहू द्या की." मी कापली.

मग प्लायची उभी अरुंद पेटी केली, आतून काच-कापड लावून इपॉक्सीने बंद केली आणि खाचेवर बसवली. पातं सागाचं, सुरमईच्या शेपटीएवढं. पहिलं पातं हातातून फरशीवर पडून फुटलं, दुसरं केलं. वर ओढायला नायलॉनची दोरी, ती एका नळीतून बसायच्या जागेपर्यंत आणली. खाली ढकलायला स्कूटरवर सामान बांधायचं रबर. ज्या बोल्टवर पातं फिरतं त्याचा नट जान्हवीने आवळला, आत माझा हात जात नव्हता. पेटीत बादलीभर पाणी ओतून बघितलं. एका कोपऱ्यातून झिरपलं, तिथे पुन्हा लेप दिला. आता थेंब येत नाही.

तुला आवडलं असतं काम. चुका काढल्या असत्यास, पण आवडलं असतं.

माझं म्हणशील तर डावा हात जरा झोपतो अधूनमधून. मानेचा मणका असेल. तीस वर्षं वाकून ओतकामाचे लाकडी साचे केल्यावर मान शिल्लक राहिली हेच पुष्कळ. प्रेमाने कुठलंसं तेल आणलंय.

डिसेंबरात समुद्र शांत झाला की खारदांड्याला नेणार. धाकू जागा देतो म्हणालाय. कंपनी बंद पडल्यावर भट्टीवरचे बाकीचे लोक कुठे कुठे पांगले, धाकू मात्र सरळ आपल्या जाळ्यांकडे परत गेला, तेवढाच सुखी दिसतो. त्याने तुझी चौकशी केली. मी म्हटलं, बरा आहे.

त्या दिवशी दांड्यावर जे झालं त्याबद्दल लिहायला मी बसलेलो नाही. पातं चाललं तर कळवतो. कार्लीच्या खाडीत ही होडी घालायची असं आपलं ठरलं होतं, ते मी विसरलेलो नाही.

तुझा,
दादा


असल्फा, घाटकोपर
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय नंदू,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही, पण पत्र पोचलं हे माधुरीने सांगितलं. तू ते वाचून देवाच्या फोटोमागे ठेवलंस असंही म्हणाली. तिच्यावर रागावू नकोस.

हे पत्र चार दिवस लिहितोय. दोनदा फाडलं. एकदा त्यात होळीबद्दल दोन पानं लिहिली होती, मग माझं मलाच कळलं की मी टाळतोय.

बावीस डिसेंबरला होडी टेम्पोत घालून खारदांड्याला नेली. जान्हवी बरोबर होती. सकाळचे आठ, वारा अजिबात नाही, पाणी तेलासारखं. पातं खाली सोडलं, बसलो, समोर नाखवांच्या बोटी उभ्या होत्या तिकडे नाक केलं आणि वल्हवायला लागलो. वीस-पंचवीस हात मारले असतील. नाक बँडस्टँडकडे. पातं वर घेतलं, पुन्हा मारले. पुन्हा तेच. पुन्हा खाली सोडलं. नंदू, मी अर्धा तास त्या पाण्यात गोल गोल फिरत होतो. मनात तुला शिव्या देत होतो, हेही लिहितो. म्हणत होतो, तळच पिळलेला आहे, त्याला पातं तरी काय करणार.

धाकू किनाऱ्यावर बसून बघत होता. मी परत आलो तर म्हणाला, "उतर. मना दे."

त्याने पातं वर ओढलं, पेटीतच ठेवलं आणि गेला. बोटींपर्यंत गेला, वळला आणि परत आला. दोन्ही वेळा दोरी धरल्यासारखा. मी म्हटलं, तू कोळी माणूस, तुझ्या हाताला सवय आहे, नकळत सांभाळून घेतोस. तर त्याने सोनूबाईला हाक मारली. त्याची बायको तिथे बोंबील सुकत घालत होती. साठीची बाई, दोन्ही बाजूंना पातं असलेलं वल्हं तिने जन्मात धरलेलं नाही. ती आधी हसली, मग पदर खोचून बसली. पहिले चार हात वेडेवाकडे मारले. मग सरळ गेली. तीही सरळ गेली, नंदू.

धाकूने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "दाब." मी दाबले. त्याने उजवा सोडला, डावा तसाच धरून ठेवला. मग म्हणाला, "शिवदास, होरी सरल हाय. तू तुजा डावा हात डाक्तरला दाखव."

मी त्याच्यावर भडकलो. टेम्पोत होडी घालताना जान्हवीवरही भडकलो. घरी येऊन जेवलो नाही.

पुढचं थोडक्यात लिहितो. मानेचा एमआरआय झाला, त्यात काही निघालं नाही. मला बरं वाटलं, डॉक्टरला नाही वाटलं. मग हातापायांत सुया टोचून तपासणी केली. दंडात आतल्या आत उंदीर पळाल्यासारखं होतं, ते मला कितीतरी महिने होत होतं. सदऱ्याची बटणं प्रेमा लावून देत होती. पहिलं पातं हातातून पडलं ते सटकलं म्हणून नाही पडलं. नट जान्हवीने आवळला, कारण माझ्या बोटांत तो फिरेना. हे सगळं मागच्या पत्रात तुला लिहिताना मला ठाऊक होतं. फक्त मी त्याची बेरीज करत नव्हतो.

आजाराचं नाव मोटर न्यूरॉन. हात, मग पाय, मग जीभ, मग श्वास. क्रम मागेपुढे होतो. डोकं शाबूत राहतं, हे त्या डॉक्टरणीने चांगली बातमी म्हणून सांगितलं. बिचारी चांगली होती. प्रेमाने विचारलं, "औषध?" तर म्हणाली, "एक गोळी आहे. थोडे महिने पुढे ढकलते. थांबवत नाही." प्रेमा म्हणाली, "मग किती?" ती म्हणाली, "तीन वर्षं, पाच वर्षं. कुणाला कमी, कुणाला जास्त." बाहेर आल्यावर प्रेमाने मला उसाचा रस पाजला. दुसरं काय करायचं ते तिलाही सुचेना.

रिपोर्ट आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात गेलो. होडी घोडीवर उलटी ठेवली, जान्हवीला एक टोक धरायला लावलं, नाकापासून शेपटीपर्यंत सुतळी ताणली आणि दर फुटावर दोन्ही बाजूंची मापं घेतली. पंधरा ठिकाणी. कुठेही अर्धं सूतही फरक नाही. मी कंपनीत तीस वर्षं माप घेतल्याशिवाय तोंड उघडलं नाही. तुझ्या बाबतीत माप न घेता बोललो.

आणि चांगल्या होडीच्या पोटाला मी भोक पाडलं.

आता ते वाक्य. गेल्या मेमध्ये दांड्यावर धाकू, त्याचे दोन भाऊ, टेम्पोवाला, सगळे उभे होते. तू म्हणालास, दादा, होडी सरळ आहे, तू दमला असशील. मी म्हणालो, "तीन बोटांच्या माणसाने कापलेली फळी सरळ कुठून असणार?" तू वल्हं खाली ठेवलंस, चपला घातल्यास आणि चालायला लागलास. स्वतःची पिशवीसुद्धा तिथेच विसरलास. मी तुला हाक मारली नाही. मला वाटलं, स्टेशनपर्यंत जाऊन येईल परत.

तुझी बोटं मशीनमध्ये गेली तेव्हा तू चोवीस वर्षांचा होतास. तीन बोटांनी रंधा कसा धरायचा ते तुला मीच शिकवलं. अंगठ्याच्या मुळाशी जोर घ्यायचा, खांद्याने ढकलायचं. तू सहा महिने रडत रडत शिकलास आणि माझ्यापेक्षा चांगला रंधा मारायला लागलास. हे जगात मला सगळ्यांत जास्त ठाऊक, आणि ते वाक्य माझ्याच तोंडून आलं.

प्रेमा म्हणते, देवाने शिक्षा केली वगैरे मनात आणू नका, देवाला एवढा वेळ नाही. मी आणत नाही. आजार त्याआधीच आत शिरला होता. ते वाक्य मात्र आजाराचं नव्हतं, माझं होतं.

तू यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. खरं तर तशी सवय नाही, काय म्हणून लिहिलं ते नीट सांगता येत नाही. माधुरीला आशीर्वाद.

तुझा,
दादा


असल्फा, घाटकोपर
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय नंदू,

अनेक आशीर्वाद. अक्षर जान्हवीचं आहे. मी बोलतो, ती लिहिते. माझं बोलणं आता जड झालंय ते तू ऐकलंसच. तिला आणि प्रेमाला कळतं, बाकीच्यांना दोनदा विचारावं लागतं. जान्हवीला सांगितलंय की मी म्हणेन तेच लिहायचं, मनाचं गोड काही घालायचं नाही.

होडी देवबागला सुखरूप पोचली हे कळलं. टेम्पोवाल्याने रस्त्यात दोनदा फोन करून सांगितलं की दोऱ्या घट्ट आहेत. भला माणूस.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू दारात उभा राहिलास तेव्हा मी खुर्चीतून उठू शकलो नाही, म्हणून तुला वाटलं असेल की दादा अजून रागावलाय. तसं नव्हतं. पाय उठले नाहीत. तू पिशवीतून कोकम आणि सुकी कोलंबी काढून प्रेमाला दिलीस, मग माझ्याजवळ बसलास आणि विचारलंस, "जेवलास?" मी मान हलवली. दीड वर्षानंतर आपलं बोलणं एवढंच.

दोन दिवस राहिलास. मला आंघोळ घातलीस. प्रेमा नको म्हणत होती, पण तू ऐकलं नाहीस. माझा डावा हात उचलून साबण लावत होतास, तेव्हा तू त्या हाताकडे बघत नव्हतास, मी बघत होतो. हाडाला नुसती कातडी उरलीय. तुझी ती तीन बोटं त्याच्याभोवती पूर्ण फिरत होती. बोलायचं होतं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडात पाणी जाऊन लाळ सुटली आणि ठसका लागला, मग तू पाठ चोळत राहिलास आणि ते राहून गेलं.

तू स्वयंपाकघरात प्रेमाला विचारलंस, "वैनी, खरंच काय नाय?" प्रेमा म्हणाली, "नाही रे." मग नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ चालू राहिला. आमच्याकडे पाणी सकाळी एकच तास येतं, प्रेमा कधी नळ चालू सोडत नाही. मला कळलं.

मग तो दांड्याचा दिवस. मला नेऊ नका असं मी म्हणत होतो, पण तू आणि धाकूने खुर्चीसकट उचललं. सोनूबाईने माझ्यावर छत्री धरली. तू होडी पाण्यात घातलीस, बसलास, दोरीला हात लावला नाहीस, पातं पेटीतच होतं. आणि गेलास.

मी बघत होतो, नंदू. माझे डोळे ठीक आहेत. डोळ्यांना हा आजार शिवत नाही. वारा थोडा होता, उत्तरेकडून. तुझी पाठ लहान होत गेली आणि मागे पाण्यावर रेघ उमटत गेली, ती कुठेही मोडली नाही. बोटींच्या पलीकडे गेलास, वळलास, त्याच रेघेवरून परत आलास. एवढी देखणी होडी मी कधी पाहिली नव्हती. करताना आपण तिला फक्त जवळून बघत होतो. लांबून तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

तू बाहेर आलास, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, माझ्यासमोर उकिडवा बसलास आणि म्हणालास, "दादा, जरा डावीकडे वडता रे. माझाच चुकला होता. फळी कापताना."

धाकूने तोंड फिरवलं. सोनूबाई छत्रीच्या दांड्याकडे बघत राहिली.

मला काहीतरी म्हणायचं होतं. तोंडातून नुसता आवाज निघाला. तुला वाटलं मी बरं म्हणालो. तू माझ्या गुडघ्यावर थोपटलंस आणि उठून होडी पुसायला लागलास. त्या रात्रीच्या गाडीने गेलास.

म्हणून हे पत्र.

तू खोटं बोललास. का बोललास ते मला समजतं. मरत चाललेल्या माणसाला तू बरोबर ठरवून गेलास. एवढ्या लांबून आलास आणि जाताना माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन गेलास. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी घेतलंही असतं. आजारी माणूस लालची असतो, काहीही घेतो. पण हे मला घेता येत नाही. गेल्या सात दिवसांत मी तेवढाच विचार केलाय. दुसरं करण्यासारखं काही नसतं.

तुला वाटत असेल दादाला बरं वाटलं. नाही वाटलं. तू असं बोलू शकतोस, म्हणजे ते वाक्य अजून तुझ्या आत आहे. नाहीतर तुला एवढं खोटं बोलायची गरज पडली नसती. मी ते बाहेर काढू शकत नाही. पत्राने निघत नाही, हे मला मार्चमध्येच कळलं होतं. तू आलास म्हणूनही निघालं नाही. माझ्याबरोबर ते जाईल असं मी स्वतःला सांगत होतो, पण जाणार नाही. मी जाईन, ते तुझ्याकडे राहील.

पुढच्या महिन्यात पोटातून नळी घालतील, गिळणं अवघड झालंय. डॉक्टरणीने जान्हवीला एका पाटीबद्दल सांगितलंय, अक्षरांची, त्यावर डोळ्यांनी बोट दाखवायचं. ते शिकेन की नाही माहीत नाही. प्रेमा थकलीय. ती रात्री दोनदा उठून मला कुशीवर वळवते आणि सकाळी म्हणते, झोप छान लागली. या घरात आता सगळे खोटं बोलतात. तू तरी नको.

कार्लीच्या खाडीत होडी घातलीस तर माधुरीला किनाऱ्यावर उभं कर, ती पोहू शकत नाही, तिला नेऊ नकोस. वारा आडवा असला तर पातं अर्धं सोड, पूर्ण नको. नको वाटलं तर पेटी काढून टाक आणि खाच बुजव. पाण्याला काही कळणार नाही. मी येईन असं आपण काल-परवापर्यंत म्हणत होतो, ते आता म्हणणं बंद करू.

कुणी विचारलं ही होडी कुणी केली, तर फळ्या तू कापल्यास असं सांग. तीन बोटांनी कापल्या असं सांग. सरळ कापल्या असं सांग. ते खरं आहे. मी मापं घेतलीत.

मी चुकलो, नंदू. हे मला माझ्या तोंडाने सांगायचं होतं, तू समोर बसला होतास तेव्हा. जमलं नाही. आता जान्हवीच्या हाताने सांगतोय. तिने हे दोनदा वाचून दाखवलं आणि विचारलं, "बाबा, असंच ठेवू?" मी मान डोलावली.

तुझा,
शिवदास